तापमानाचे शून्य कोठे आहे?

बंगळूरच्या हवामानाच्या दप्तरात दोन नोंदी विशेष प्रसिद्ध आहेत : १३ जानेवारी १८८४ रोजी पारा ७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि २४ एप्रिल २०१६ रोजी तो ३९.२ अंशांपर्यंत चढला होता. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले तर उत्तर जवळजवळ बरोबर पाच येते, आणि ज्याने तापमानाच्या मापक्रमांचा कधी विचार केलेला नाही असा एखादा सुशिक्षित मनुष्यही, हा दिवस त्या दिवसाच्या पाचपट उष्ण होता, असे विधान निःशंक मनाने करून जाईल. परंतु त्याच दोन नोंदी फॅरनहाइट मापक्रमात उतरवल्या तर त्या ४६ आणि १०२.६ अशा होतात व पाचपटीची सव्वादोनपट होते. केल्व्हिन मापक्रमात उतरवल्या तर २८०.९५ आणि ३१२.३५ अशा होतात व सगळी वाढ अकरा टक्क्यांत मावते. दिवस तेच आणि हवा तीच असता तीन साक्षीदार तीन निरनिराळ्या जबान्या देत असतील, तर त्यांपैकी ग्राह्य कोणाची, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ग्राह्य साक्ष तिसऱ्याची. कारण तिघांमध्ये त्याचेच शून्य निसर्गाने मुकरर केलेले आहे, आणि उरलेल्या दोघांची शून्ये माणसाने आपल्या सोयीसाठी नेमलेली आहेत.

प्रस्तुत लेख आनेकल तालुक्यातील मराठी वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूरच्या या मुलखाशी मराठीचा संबंध आहे, आणि जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथील कारखान्यांमुळे कामधंद्यानिमित्त येणाऱ्यांची त्यात भर पडत आली आहे. या वाचकांपैकी कोणी शाळेत विज्ञान शिकवीत असेल, कोणी कारखान्यात भट्टी किंवा शीतगृह सांभाळीत असेल, कोणाच्या घरी दुभती जनावरे असतील, आणि आजारी मुलाचा ताप मोजण्याचा प्रसंग तर प्रत्येकावरच येतो. या सर्वांस तापमानाचा आकडा वाचावा लागतो. तो समजून कसा वाचावा, हे येथे क्रमाने सांगण्याचा हेतू आहे.

मापक्रमांची घडण

डॅन्झिग येथे जन्मलेल्या फॅरनहाइटने १७२४ साली आपला मापक्रम प्रसिद्ध केला. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाने मिळणारी थंडी हे त्याचे शून्य होते. पाणी-बर्फाच्या मिश्रणाला त्याने ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६ हे आकडे दिले. पुढे पाण्याचा गोठणबिंदू ३२ व उत्कलनबिंदू २१२ असे दोन्ही टोकांनी हा मापक्रम पक्का करण्यात आला, आणि त्या दुरुस्तीत शरीराचा आकडा सरकून ९८.६ च्या आसपास आला. स्वीडनमधील उप्साला येथील ज्योतिर्विद सेल्सिअस याने १७४२ साली या दोन बिंदूंमधील अंतराचे शंभर भाग केले. मात्र त्याने उकळत्या पाण्याला शून्य व बर्फाला शंभर म्हटले होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो क्रम उलटून आजचे रूप रूढ झाले. जो मापक्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही, त्याचे शून्य हा निसर्गाचा नियम नसून माणसांमधील करार आहे, ही गोष्ट या एका हकिकतीतूनच स्पष्ट होते.

एका मापक्रमातून दुसऱ्यात जाण्याची रीत पाठ असावी. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करावा, त्या दुपटीतून तिचा दहावा भाग वजा करावा व ३२ मिळवावेत, की फॅरनहाइटचा आकडा येतो : २७ ची दुप्पट ५४, त्यातून ५.४ गेले की ४८.६, आणि ३२ मिळवून ८०.६. उलट जाताना प्रथम ३२ वजा करावेत, बाकीचे अर्धे करावे, आणि त्या अर्ध्यात त्याचाच नववा भाग मिळवावा : ९८.६ मधून ३२ गेले की ६६.६, त्याचे अर्धे ३३.३, त्याचा नववा भाग ३.७, बेरीज ३७. या दोन्ही रीती अदमासाच्या नसून तंतोतंत आहेत. आकडेमोडीची खातरजमा करायची असेल तर उणे ४० घेऊन पाहावे. त्या एकाच ठिकाणी दोन्ही मापक्रमांचा आकडा सारखा येतो. सेल्सिअसवरून केल्व्हिनकडे जाण्यास २७३.१५ मिळवले की पुरे.

वायूंनी दाखवलेली दिशा

हा २७३.१५ चा आकडा कोठून आला, हे समजल्याखेरीज सूत्र पाठ करण्यात फारसे स्वारस्य नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी आमाँताँ या फ्रेंच संशोधकाच्या ध्यानात आले होते की बंदिस्त हवा थंड करीत गेले असता तिचा दाब समप्रमाणात घटत जातो, आणि घट अशीच चालू राहिली तर कोठेतरी दाबच उरणार नाही. शार्ल आणि गे-ल्युसाक यांच्या प्रयोगांनी, विशेषतः गे-ल्युसाकने १८०२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी, या विचाराला आधार मिळाला : दाब कायम ठेवला असता कोणताही वायू, मग तो प्राणवायू असो की हायड्रोजन, तापमानाच्या एकेका अंशाला जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतो, आणि पुढील सूक्ष्म मोजणीनुसार ते प्रमाण शून्य अंशाच्या वेळी असलेल्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाइतके आहे. अशा घटीची रेषा आलेखावर डावीकडे वाढवीत नेली की ती उणे २७३.१५ अंशांवर अक्षाला मिळते. पाऱ्याची रेषा एक गोष्ट सांगते, मद्यार्काची दुसरी. पण विरळ केलेले सर्व वायू एकाच ठिकाणाकडे, म्हणजे केवल शून्याकडे, बोट दाखवतात, हे ज्याच्या मनात ठसले त्याला या शून्याची कल्पना अर्धी तरी समजली.

उरलेली अर्धी कल्पना विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिनने, पुरवली. कोणत्याही एका पदार्थाच्या स्वभावावर विसंबून न राहणारा मापक्रम असावा, आणि त्याचा पाया उष्णतेपासून काम करून घेणाऱ्या यंत्राच्या नियमांत शोधावा, हा विचार त्याने १८४८ साली मांडला. तापमान म्हणजे पदार्थाच्या कणांच्या अस्ताव्यस्त हालचालीचे माप, असे स्थूलमानाने म्हणता येते; ती हालचाल अमर्याद वाढू शकते, पण कमी होण्यास मर्यादा आहे, आणि ती मर्यादा म्हणजेच केवल शून्य. येथे दोन गैरसमज टाळावेत. केवल शून्यापाशी कण अगदी निश्चल होतात असे नाही. पुंज सिद्धांताप्रमाणे त्यांच्यापाशी एक किमान ऊर्जा उरतेच, मात्र ती काढून घेता येत नाही. तसेच त्या शून्यापर्यंत प्रत्यक्ष पोचता येत नाही. नेर्न्स्टने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या नियमाचा निष्कर्ष असा की मर्यादित पायऱ्यांनी तेथे जाणे अशक्य आहे, फक्त अधिकाधिक जवळ जाता येते.

त्या जवळिकीच्या पायऱ्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. सामान्य दाबाखाली प्राणवायू ९० केल्व्हिनला द्रवरूप होतो, नायट्रोजन ७७ ला, हायड्रोजन २० ला, आणि सर्वांत हट्टी असा हीलियम ४.२ ला. हा शेवटचा वायू लायडन येथे कामरलिंग ओनेस याने १० जुलै १९०८ रोजी द्रवरूप केला, आणि तीनच वर्षांनी त्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होतो हे त्याला आढळले. या विषयात आपल्या लोकांचा वाटाही थोडा नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली मांडलेल्या गणिताच्या आधारे आइन्स्टाइनने, पराकाष्ठेच्या थंडीत अणू एकाच अवस्थेत एकवटतील, असे जे भाकीत केले, ते केवल शून्याच्या एका केल्व्हिनच्या कोट्यवधीव्या भागाइतक्या सान्निध्यात अणू नेऊन १९९५ साली अमेरिकेत खरे करून दाखवण्यात आले. आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत लेसरच्या साहाय्याने अणू अतिशीत करण्याचे संशोधन चालते. १९४५ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आरंभ होऊन त्याच वर्षी मुंबईस गेलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, शुद्ध बिस्मथ ०.०००५३ केल्व्हिनच्या खाली अतिवाहक, म्हणजे विद्युतरोधरहित, होतो, हे जगापुढे मांडले. अग्निबाणांच्या क्रायोजेनिक इंजिनात द्रव हायड्रोजन व द्रव प्राणवायू वापरतात. ती इंजिने घडवण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बंगळूर येथील खास कारखान्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते झाले.

तापमान आणि तापमानातील फरक

आता व्यवहारातील नियमांकडे वळू. सर्वांत अधिक चुका होतात त्या तापमान आणि तापमानातील फरक यांची गल्लत केल्यामुळे. तापमान १० अंश सेल्सिअस असेल तर ते ५० अंश फॅरनहाइट होय. परंतु तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले असेल तर ती वाढ १८ अंश फॅरनहाइटची होय, ५० ची नव्हे, कारण फरक काढताना ३२ दोन्हीकडून वजा होऊन जातात. केल्व्हिनच्या बाबतीत गोष्ट अधिक सोपी आहे : एक केल्व्हिनचा फरक आणि एक अंश सेल्सिअसचा फरक सारखाच.

ही तफावत किती महत्त्वाची आहे याचा दाखला बंगळूरच्याच इतिहासात आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०० साली म्हैसूरच्या मोजणीसाठी बंगळूरजवळ सात मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली, तेव्हा साखळीच्या जोडीला तापमापी बाळगून प्रसरणाची दुरुस्ती करणे त्याला भाग होते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले असता अशी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते, आणि तीच चूक सात मैलांवर साचली तर ती सव्वा मीटरहून अधिक भरते. प्रसरणाचा गुणांक सेल्सिअसच्या अंशाला दिलेला आहे की फॅरनहाइटच्या, हे न पाहता जो हिशेब करील त्याचे उत्तर जवळजवळ दुपटीने चुकेल. कारखान्यातील मोजपट्टी, पुलाचे सांधे किंवा वाफेची नळी यांचा हिशेब करणाऱ्यांनी गुणांकासमोरचे एकक आधी वाचावे, मग आकडा.

गुणोत्तराचा नियम

दुसरा नियम असा की 'दुप्पट', 'निमपट', 'इतके टक्के' अशी भाषा केल्व्हिनखेरीज कोणत्याही मापक्रमात करू नये. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर शून्य दिसते तेव्हा चाकात हवा नसते असे नाही, बाहेरच्या हवेइतका दाब असतोच. सेल्सिअसचे शून्य त्याच जातीचे आहे. चाकाचेच उदाहरण पुढे नेऊ. सकाळी २० अंश सेल्सिअसला चाकात यंत्राप्रमाणे ३२ पौंड दाब भरून एखादी गाडी होसूर रस्त्याला लागली, आणि धावून आतील हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर दाब किती होईल? सेल्सिअसचे आकडे घेऊन ३२ ला ४५ ने गुणून २० ने भागणारा ७२ असे भयानक उत्तर काढील. योग्य रीत अशी : आनेकलच्या उंचीवरील वातावरणाचे सुमारे १३.२ पौंड मिळवून खरा दाब ४५.२ धरावा, तापमाने २९३ आणि ३१८ केल्व्हिन घ्यावीत, गुणोत्तराने खरा दाब सुमारे ४९.१ येतो, आणि त्यातून १३.२ वजा केले की यंत्रावर ३६ च्या आसपास आकडा दिसेल. चाके गार असतानाच हवा भरावी, या सल्ल्यामागचे कारण हेच. तापलेल्या चाकातील वाढीव आकडा पाहून हवा काढून टाकली, तर गार झाल्यावर चाक कमी दाबाचे ठरते.

आनेकलमध्ये तापमापीची परीक्षा

तापमापी बरोबर आहे की नाही हे घरी पाहता येते, पण त्यात या गावाच्या उंचीचा विचार करावा लागतो. बर्फाची परीक्षा कोठेही चालते. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा बारीक चुरा करून तो थर्मासमध्ये दाबून भरावा, फटी भरण्यापुरते थंड पाणी ओतावे, तापमापीचा फुगा मध्यभागी बुडवून ढवळत काही मिनिटे थांबावे. आकडा शून्यावर, अथवा फॅरनहाइटमध्ये ३२ वर, स्थिर झाला पाहिजे. मिठाचा अंश मात्र मुळीच असता कामा नये. उकळत्या पाण्याची परीक्षा तशी सर्वत्र सारखी नाही. आनेकल समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आहे, तेथे हवेचा दाब कमी आणि म्हणून पाणी शंभरऐवजी सुमारे ९७ अंशांना उकळते. तापमापीचा फुगा पाण्यात न बुडवता पाण्याच्या लगत वर वाफेत धरावा, आणि ९७ च्या जवळपास आकडा दिसला तर तापमापी चुकली असे न समजता ती बरोबर आहे असे समजावे. ताप मोजण्याचा तापमापी मात्र कदापि उकळत्या पाण्यात घालू नये, तो फुटेल.

शाळेतील शिक्षकांना या उंचीचा एक सुंदर उपयोग करून घेता येईल. दाबमापक जोडलेला बंद चंबू प्रथम बर्फात व नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत ठेवून, खरा दाब दोन्ही वेळा नोंदवावा. बर्फात तो १०० एकक मानला तर आनेकलमध्ये वाफेत तो १३५.५ च्या आसपास भरेल. म्हणजे ९७ अंशांत ३५.५ ची वाढ, आणि एका अंशाची वाढ काढून १०० ला तिने भागले की उत्तर २७३ येते. विद्यार्थ्याने पुस्तकातील १०० हाच उत्कलनबिंदू डोळे मिटून घेतला, तर त्याचे उत्तर जवळजवळ २८२ येईल आणि निसर्गाने आखलेल्या मर्यादेच्याही आठ-नऊ अंश खाली त्याचे शून्य जाऊन बसेल. नळीतील हवेमुळे आणि चंबूच्या प्रसरणामुळे आकडे थोडे हलतील. पण केवल शून्याचा पत्ता आपल्या गावच्या प्रयोगशाळेतून आपल्या हाताने काढता येतो, हा अनुभव मुलांना एकदा तरी मिळाला पाहिजे.

द्रवनत्राशी व्यवहार

फार मोठी थंडी ही केवळ प्रयोगशाळेची मिरास उरलेली नाही. दुभत्या जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठित रेतमात्रा द्रवनत्रात, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला किंवा ७७ केल्व्हिनला ठेवतात. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बायफ' संस्थेने गोपैदाशीचे हे शास्त्र खेडोपाडी नेले. मात्रा वापरण्यापूर्वी ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरतात, म्हणजे तेवढ्या वेळात तिचे खरे तापमान चौपट होते. पशुपालकांनी पाहावे की पाणी तापमापीने मोजले जाते, बोटाने नव्हे, आणि पात्रातील द्रवाची पातळी नियमाने तपासली जाते. द्रवनत्र हाताळताना हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा; पात्राचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये, नाहीतर ते फुटते; आणि कोंदट खोलीत ते ठेवू नये, कारण एका लिटर द्रवापासून जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो खोलीतील प्राणवायू हटवून माणसाला नकळत बेशुद्ध करू शकतो. या बाबतीत हयगय जिवावर बेतते.

लेखनाचे संकेत

अखेरीस लिहिण्याविषयी. १९४८ पासून 'सेंटिग्रेड' ऐवजी सेल्सिअस हे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केले आहे. १९६७ च्या ठरावाने केल्व्हिनला 'अंश' लावण्याची प्रथा गेली. म्हणून '३०० केल्व्हिन' लिहावे, '३०० अंश केल्व्हिन' नव्हे. १९५४ साली पाणी, बर्फ आणि वाफ ही तिन्ही एकत्र नांदू शकतात त्या त्रिबिंदूला २७३.१६ केल्व्हिन, म्हणजे ०.०१ अंश सेल्सिअस, असा आकडा ठरवून देण्यात आला होता. २० मे २०१९ पासून केल्व्हिनची व्याख्या बोल्टझमन स्थिरांकाच्या निश्चित किमतीवर बसवली गेली, आणि पाण्याचीही गरज उरली नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी नवसागराच्या मिश्रणावर उभा राहिलेला तापमानाचा हिशेब आज निसर्गाच्या एका स्थिरांकावर उभा आहे, ही मानवी बुद्धीची साधी कमाई नव्हे.

वाचकांना विनंती एवढीच की तापमानाचा कोणताही आकडा पुढे आला असता तीन प्रश्न विचारल्याखेरीज त्यावर निर्णय बसवू नये : हा मापक्रम कोणता, हे तापमान आहे की तापमानातील फरक, आणि येथे गुणोत्तर काढायचे असेल तर आकडा केल्व्हिनमध्ये आणला आहे काय. ज्या घरात, शाळेत आणि कारखान्यात हे तीन प्रश्न सवयीने विचारले जातील, तेथे तापमापीचा आकडा सहसा दिशाभूल करणार नाही.